आईला न आवडलेलं दही

मी डेअरीत दही चाखायचं काम करते. ऐकणाऱ्याला वाटतं, काय चैन आहे, खायचा पगार! चैन कसली डोंबलाची. सकाळी उपाशीपोटी एका बिनखिडकीच्या पांढऱ्या खोलीत बसायचं. अंगाला अत्तर नको, आधी चहा नको, तोंडात बडीशेप नको. एकामागून एक वाट्या समोर येतात. चमचा घालायचा, कापल्यावर कड सरळ राहते का बघायची, पाणी किती सुटतंय बघायचं, मग घास जिभेवर घोळवायचा, थुंकायचा आणि सांगायचं: आंबटपणा ठीक, घट्टपणा कमी, मागाहून पिठाची चव येते, स्टार्च कमी करा. माझ्या एका शब्दावर टाकीभर दही बाजारात जातं किंवा अडतं. आमच्या मॅनेजरना आम्ही पाठीमागे थर्मामीटर म्हणतो, कारण त्यांचा पारा चढला की आधी कान लाल होतात. पण चाखायच्या खोलीत तेही माझ्यापुढे तोंड उघडत नाहीत.

हे सगळं कौतुक कंपनीच्या फाटकापर्यंत. पिकतं तिथं विकत नाही. घरी माझ्या जिभेला कुणी विचारत नव्हतं, कारण घरी आई होती.

बाबा गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली ती शिलाई मशीनसकट. जन्मभर तिने शाळांचे गणवेश शिवले. दुकान बंद केलं, पण नजर दुकानातलीच राहिली. माझ्या उशांच्या अभ्र्यांची टीप वाकडी, टेबलक्लॉथ एका बाजूने लोंबतोय, जावयाच्या शर्टाची कॉलर म्हणजे गाढवाचे कान. माझा नवरा गरीब स्वभावाचा. तो हसायचा आणि कॉलर सरळ करायचा. मला हसू यायचं नाही. मी तिच्याच पोटची.

पण अभ्रे आणि कॉलर एक वेळ चालतील. ती दह्याला नावं ठेवायची, आणि ते थेट माझ्या वर्मी लागायचं.

याचं मूळ म्हणजे दादा. माझा मोठा भाऊ पूल बांधतो. एक पूल झाला की कंपनी त्याला दुसऱ्या देशात धाडते, आणि आई दरवेळी दोन-तीन महिने त्याच्याकडे राहून यायची. परदेशातून येताना लोक चॉकलेटं आणतात. आई दह्याच्या गोष्टी आणायची.

पहिल्यांदा दादा थंडीच्या एका देशात होता. तिथून परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी जेवताना तिने मी लावलेल्या दह्यात चमचा बुडवला, वर उचलला आणि थेंब वाटीत पडू दिला.

"दादाकडे चमचा उभा राहतो," ती म्हणाली.

"ते गाळलेलं असतं, आई. फडक्यात बांधून पाणी काढून टाकतात. आपण चक्का करतो ना, तसं."

"चक्का कसा असेल? चक्का आंबट असतो. ते कसं लोण्यासारखं. आंबट म्हणून नाही."

तिचं म्हणणं बरोबर होतं. तिथली विरजणं मवाळ असतात, आंबटपणा फार चढू देत नाहीत. मी तसं सांगायला लागले तर तिचं लक्षच नव्हतं. ती वाटी चाटूनपुसून संपवत होती.

मग दादा डोंगराळ मुलखात गेला. तिथे मेंढीचं दूध. वर जाड पिवळट साय, खाली सुरीने कापावं असं दही, आणि सगळ्याला मेंढीचा दर्प.

"वास येत असेल ना त्याला?" मी विचारलं.

"येतो की. पण निदान वास तरी येतो. तुझ्या दह्याला कसला म्हणून वास नाही."

तिसरा देश असा की तिथे दही खातच नाहीत, पितात. पातळ, मीठ घातलेलं, बाटली उघडली की फसफसणारं. ते पिऊन आल्यावर आई म्हणाली, "पोटाला काय हलकं वाटतं! तुझं हे धोंड्यासारखं बसतं पोटात." म्हणजे पहिल्या खेपेला माझं दही पातळ होतं आणि तिसऱ्या खेपेला धोंडा. दही तेच, दूधवाला तोच.

दुसरी कुठलीही मुलगी असती तर तिने म्हटलं असतं, दुरून डोंगर साजरे, आणि विषय सोडला असता. मी दह्यातली माणूस. दह्याबद्दल कुणी बोललं की मला ते दह्याबद्दलच वाटतं. आईने 'चमचा उभा राहतो' म्हटलं की माझ्या डोक्यात दुधाच्या घनतेचं गणित सुरू व्हायचं. मी घरी दूध आटवून बघितलं, पावडर घालून बघितलं, फडक्यात बांधून फ्रीजमध्ये टांगलं. नवरा रात्री पाणी प्यायला उठला की त्याच्या कपाळाला ती पुरचुंडी लागायची. आई प्रत्येक प्रयोग चाखायची, संपवायची आणि म्हणायची, "छे, ते असं नव्हतं."

त्याच सुमारास थर्मामीटरनी डेअरीत नवी टूम काढली. देशोदेशीचं दही आपल्या कारखान्यात करायचं. बर्फाच्या पेट्यांतून नमुने आले आणि ते चाखायचं काम माझ्याकडे आलं. दही या एका शब्दाखाली जगात किती वेगवेगळ्या वस्तू नांदतात ते मला तेव्हा कळलं. एकात दूध आणि विरजण, बाकी काही नाही. दुसऱ्यात साखर, फळांचा गर, स्टार्च, जिलेटीन, आणि सगळ्यांची परवानगी घेऊन थोडं दही. एक तपकिरी, कारण तिथे दूध मंद आचेवर रंग बदलेपर्यंत उकळतात आणि मगच विरजण लावतात. एकाला तर अशी तार सुटत होती की चमचा वर नेला तरी वाटीशी नातं तुटेना. आपण अशी तार दिसली की दही नासलं म्हणून ओतून देतो. तिकडे तार सुटली नाही तर गिऱ्हाईक डबा परत आणतं. कोण चूक, कोण बरोबर? लहानपणी जिभेला जे भरवलं ते तिचं दही. हे मी थर्मामीटरना छान समजावून सांगितलं. स्वतःला सांगायचं राहून गेलं.

मी निवडलं ते थंडीच्या देशातलं. दादा फिरून फिरून पुन्हा तिथेच गेला होता, पहिल्या पुलाच्या पलीकडे दुसरा पूल बांधायला, त्यामुळे आईच्या तोंडी पुन्हा तेच दही होतं. मवाळ विरजण मागवलं. मशीनने झटपट पाणी काढलं तर दही रवाळ व्हायचं, हळू काढलं तर आंबट व्हायचं. कितीतरी दिवस मी त्या एका दह्यापायी स्वतःला आणि हाताखालच्या सगळ्यांना पिदडलं. शेवटी एका सकाळी चमचा घातला आणि तो उभा राहिला. चव घेतली. जिभेवर लोण्यासारखं पसरलं. थर्मामीटरचे कान अगदी गोरे होते.

"तुमच्या आईंनी मूळ दही खाल्लंय ना?" ते म्हणाले. "त्यांनाच दाखवू. रविवारी मीच येतो."

ते आले. आईने इस्त्रीची साडी नेसली होती, आग्रह करकरून जेवायला वाढलं. त्यांनी आणलेल्या मिठाईचं तोंड भरून कौतुक केलं, खरं तर ती मिठाई शिळी होती. मग मी डबा उघडला. आईने चमचा रोवला. तो ताठ उभा राहिला. नवऱ्याने टाळी वाजवली. आईने एक घास घेतला, जीभ टाळूला लावून बघितली आणि साहेबांकडे वळली.

"साहेब, हिच्या हातचं आहे म्हणून सांगते. हे भुसभुशीत आहे. दादाकडचं असं नव्हतं."

थर्मामीटर हसले. पण त्यांचे कान मी बघितले.

ते गेल्यावर मी दार लावलं आणि जे साठलं होतं ते सगळं बाहेर आलं.

"मग दादाकडेच जा ना! कायमची जा. तिथे चमचे उभे राहतात."

आई टेबल पुसत होती. "अगं, दह्यावरून एवढं काय?"

"दह्यावरून नाही. या घरात तुला काही म्हणून आवडत नाही. मग राहतेस कशाला इथे?"

तिने फडकं धुतलं, पिळलं, दांडीवर चारी टोकं जुळवून वाळत घातलं. मग म्हणाली, "बरं."

नुसतं बरं. भांडली असती तर मी पण भांडले असते आणि संध्याकाळपर्यंत मिटलं असतं. आमच्याकडची भांडणं तशीच मिटायची, कुणीतरी चहा टाकायचं आणि दुसरं कुणीतरी तो पुचाट झालाय म्हणायचं. त्या दिवशी चहा तिने टाकला आणि मी मुकाट्याने प्यायले.

नवरा म्हणाला, "जाऊन बोल त्यांच्याशी."

"तिने बोलावं," मी म्हटलं.

दादा तर कधीपासून तिला बोलावत होता. त्याने लगेच तिकीट काढलं. विमानतळावर तिची बॅग मी ढकलत होते आणि मनात म्हणत होते, आत्ता ही म्हणेल, राहू दे, नाही जात. तिला वाटत असेल, आत्ता ही म्हणेल, राहू दे, नको जाऊस. दोघी इतक्या सारख्या की दोघींनीही तोंड उघडलं नाही. ती आत गेली. मला तेव्हाच पळत जाऊन तिला ओढून आणायला हवं होतं.

नंतर घर फार शहाण्यासारखं वागायला लागलं. मी दही लावायची, वाढायची, आणि कुणी काही बोलायचं नाही. नवरा म्हणायचा, छान झालंय. त्याला दूध कुठलं आणि दही कुठलं एवढं कळतं, त्याच्या छानचं काय करायचं? आमचं नवं दही बाजारात आलं, चांगलं खपलं. माझं नाव झालं. मी आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "वा, छान." मला वाटलं, अजून रागावलीय.

थंडी सरत आली तेव्हा दादाचा फोन आला.

"काय गं दहीवाली, आईला काय मंतर घातलास?"

"का? काय झालं?"

"अगं, पार सुधारली. पूर्वी आली की तुझ्या वहिनीचं डोकं खायची नुसती. छोटीचं दही असं, छोटीचं दही तसं."

मी त्याला मधेच तोडलं. "माझं दही?"

"मग कुणाचं? सकाळी डबा उघडला की सुरू. म्हणे, याला काय चव आहे, भिंतीला लावायची पांढरी पुट्टी ही. छोटीचं दही जिभेवर आधी गोड लागतं, मग हळूच आंबट होतं. मेंढीच्या दह्याला तर म्हणाली होती, नाक धरून खायचं का? आणि ते बाटलीतलं प्यायला दिलं तेव्हा म्हणाली, याने फरशी पुसा, माझी पोरगी बघेल तर हसेल."

"दादा, हे तू मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तुला काय सांगायचं? तुला तर ती रोजच ऐकवत असेल. मला वाटायचं, म्हणूनच तू एवढी चढेल झालीयस."

तो हसला. मला हसता येईना.

"आणि आता?"

"आता काही नाही. पानात पडेल ते गुमान खाते. छान आहे म्हणते. वहिनी खूश आहे. म्हणते, आईंना म्हातारपण मानवलं."

फोन ठेवल्यावर मला तिचं दुकान आठवलं. दुसऱ्या शिंप्याकडचे बिघडलेले कपडे घेऊन बायका यायच्या, विचारायच्या, बघा हो कसं शिवलंय. आई म्हणायची, छान आहे की, इथे जरासं आत घेते. आणि स्वतः शिवलेला, कुणाला काही खोट दिसणार नाही असा गणवेश उजेडात धरायची, नाक मुरडायची आणि उसवायला घ्यायची. मी लहानपणी विचारलं होतं, त्या बाईचा फ्रॉक एवढा वाकडा होता, तिला का नाही बोललीस? ती म्हणाली होती, तो माझा आहे का? दादाच्या घरी ती दादाच्या दह्याला नावं ठेवायची, माझ्या घरी माझ्या. म्हणजे दोन्ही घरं तिची होती. आता ती दोन्हीकडे छान म्हणायला लागली होती.

मी लगेच फोन लावला. "आई, परत ये. चुकलं माझं. कायमची ये."

"अगं, त्यात चुकायचं काय?" ती म्हणाली. "येईन की. महिनाभर येते."

ती आली. मी विमानतळावर तिला मिठी मारली, रडले, सगळं सांगितलं. दादा काय म्हणाला तेही सांगितलं. ती माझी पाठ थोपटत म्हणाली, "जाऊ दे. आपण काय भांडलोय का?" मला वाटलं, झालं. आता घरी गेलो की सुरू होईल.

घरी आल्यावर तिने चपला दाराशी कडेला काढून ठेवल्या, पाहुणे ठेवतात तशा. पाणी मी आणून देईपर्यंत थांबली. दुसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, "फ्रीज उघडू का गं?" नवरा मुद्दाम कॉलर वर करून तिच्यासमोर दोनदा गेला. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "शर्ट शोभतो हो तुम्हाला." तो बिचारा आत जाऊन स्वतःच कॉलर नीट करून आला.

मी माझं सगळ्यात चांगलं दही लावलं. ती म्हणाली, छान. मी दुकानातलं स्टार्च घातलेलं गिच्च दही आणलं. छान. आमच्या डेअरीचं ते उभ्या चमच्याचं आणलं, तिनेच भुसभुशीत ठरवलेलं. म्हणाली, "अगदी दादाकडच्यासारखं झालंय." मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. चाखायच्या खोलीत मी लोकांचं खोटं एका भुवईवरून ओळखते. तिच्या चेहऱ्यावर खोटंही नव्हतं, नुसती रीत होती.

मग मी एक काम केलं, जे माझ्या धंद्यातल्या माणसाने कधी करू नये. मी दही मुद्दाम नासवलं. कोमट दुधात विरजण जास्त घातलं, भांडं दिवसभर शेगडीजवळ उबेला ठेवलं, मधूनमधून ढवळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी झाकण काढलं तर वर हिरवट पाणी, खाली चोथा, वास असा की मांजराने पाठ फिरवावी. ते मी वाटीत घालून आईपुढे ठेवलं आणि समोर बसले.

तिने चमचा घातला. वर उचलला तर तार सुटली, लांबलचक. तिने त्या तारेकडे बघितलं. मी मनात म्हणत होते, बोल, आई, बोल. गाढवा म्हण, डेअरीत दहा वर्षं काय शिकलीस म्हण, दादाकडचं काढ.

तिने चमचा तोंडात घातला आणि गिळला.

"छान लागतंय."

"आई, नासलंय ते! तार बघ केवढी सुटली."

"हो का? माझ्या नाही लक्षात आलं," ती म्हणाली. रस्त्याच्या पलीकडून जाणाऱ्या माणसाच्या बाहीची टीप जिला दिसायची, ती. तिने दुसरा चमचा भरला.

मी तिच्या हातातून वाटी काढून घेतली. "नको खाऊस. मला बोल काहीतरी. पूर्वी बोलायचीस तसं बोल, वाटेल ते बोल." जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. हिची गेली होती, आणि ती मी घालवली होती.

आईने पदराने तोंड पुसलं आणि माझा हात हातात घेतला. टोमणा असता तर मी आनंदाने झेलला असता. पण तिच्या आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता, माझी कीव होती फार तर.

"अगं वेडे," ती म्हणाली, "लोकांच्या घरी कशाला नावं ठेवायची?"

आणि तिने वाटी परत घेतली आणि उरलेलं दही शेवटच्या चमच्यापर्यंत संपवलं.